निम्मा कोटा, दुप्पट माग

सोलापूरच्या टॉवेल विणकरांच्या वतीने अनसूया गाजूल परदेशी वाटाघाटींना बसल्या होत्या. निर्यातीचा कोटा घटला, तर गावाकडे शेकडो माग बंद पडणार होते.

टॉवेल विकत घेणाऱ्या श्रीमंत देशाचा मंत्री गुरकावला, "तुमच्या स्वस्त टॉवेलांनी आमचा बाजार बुडवलाय. यंदापासून कोटा निम्मा!" मग गोड हसून म्हणाला, "आमचे नवे माग मात्र जरूर घ्या. दुप्पट वेगाने विणतात."

अनसूयाबाई उठल्या. "घेऊ की साहेब! फक्त ज्यांतून कापड निघत नाही, असे माग दाखवा."

सभागृहात हशा पिकला. मागांचं मोठं गिऱ्हाईक हातचं जाणार, हे मंत्र्याला उमगलं. त्याने जुनाच कोटा कायम केला. त्याची सही झाल्यावरच अनसूयाबाई खाली बसल्या.