क्रेगलॉर्नीच्या दारावरचा कोरा दगड

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात क्रेगलॉर्नीची उंच दगडी गढी आहे. तिथे आलेला पाहुणा आधी दाराच्या माथ्याकडे बघतो आणि विचारतो, "ही गढी कोणाची?" कारण अशा गढ्यांच्या दारावर मालकाच्या घराण्याचे चिन्ह कोरलेले असते, पण इथे नुसता कोरा दगड आहे. मग गावातले कोणी जाणते माणूस टॅव्हिश पाथरवटाची गोष्ट सांगते.

गढी बांधली तेव्हा टॅव्हिश विशीत होता, म्हणे. पहिल्या सरदारासाठी त्याने त्या दगडावर पाडसाला चाटणारी हरिणी कोरली. अख्खा हिवाळा त्यात गेला. लांबलांबून लोक ती पाहायला येत. चार वर्षांनी सरदार लढाईत पडला आणि जिंकणारा म्हणाला, "ती हरिणी काढ. माझा ससाणा बसव." टॅव्हिशने आपल्याच हाताने हरिणी तासून काढली. पुढे गढी लग्नात आंदण गेली, ससाण्याच्या जागी मासा आला. मग राजाची मर्जी फिरली, गढी जप्त होऊन भलत्याच घराण्याला मिळाली, माशाच्या जागी तलवार आली. दर वेळी टॅव्हिश सांगे, "दगड झिजतोय, मालक." दर वेळी उत्तर एकच, "तू तुझं काम कर."

तो साठीला टेकला तेव्हा एका लोकरीच्या व्यापाऱ्याने गढी विकत घेतली. त्याला मेंढा हवा होता.

"वीतभर जाड दगड होता, आता चार बोटं उरलाय," टॅव्हिश म्हणाला. "वरचे तीन मजले त्याच्यावर तोललेत."

"जमत नसेल तर उद्या गढीची झोपडी रिकामी कर."

म्हाताऱ्याने शिडीवर चढून हलक्या हाताने तलवार घासून सपाट केली, मग खाली उतरून छिन्नी-हातोडा व्यापाऱ्याच्या हातात कोंबला. "मेंढा आता तुम्हीच कोरा."

व्यापारी इरेला पेटून चढला. पहिला घाव बसताच, असे सांगतात, सगळी गढी माणसासारखी कण्हली आणि भिंतीतली माती त्याच्या डोक्यावर झरझर ओघळली. तो पांढराफटक होऊन उतरला. "हे आधी का नाही सांगितलंस?"

टॅव्हिशला हसूही आले नाही. "चाळीस वर्षं दुसरं काय सांगत होतो?" एवढे म्हणून तो घरी गेला. झोपडी त्याच्याकडेच राहिली. पण ती हरिणी पाहिलेले दुसरे कोणी तोवर गावात उरले नव्हते.

आजही गढीचा मालक बदलला, की नवा मालक पहिल्या दिवशी गावासमोर शिडी चढतो आणि त्या दगडावर तळवा टेकतो. दगड इतका खोल गेला आहे, की हात मनगटापर्यंत आत जातो. मग तो चिन्हाचे नाव न काढता उतरतो, आणि तेव्हाच गावकरी त्याला दाराची किल्ली देतात.