बयजाची बसणूक

आमच्या शिरसोंडीची मोकळाई ही एकच नदी, पण तिला रूपे तीन. वर आईच्या, म्हणजे आमच्या देवीच्या, डोंगरातून उतरते तेव्हा दोन काळ्या कातळांमधून ओळंब्यात धरल्यासारखी सरळ येते. माळावर उतरली की वळायला लागते, इतकी की वाटसरूला वाटावे, ही नदी आपण मघाशीच ओलांडली की. आणि आमच्या गावाला लागूनच तिच्या धारा सुटतात. मध्ये वाळूचे पट्टे, त्यांच्या दोन्ही अंगांनी पाणी, पुढे एक होते, पुन्हा वेगळे होते. या दिवसांत घोटाभर पाण्यातून तुम्ही सहज पलीकडे जाल.

मध्यंतरी कॉलेजची मुले आली होती नदी बघायला. त्यांचे सर आमच्या ओट्यावर चहाला टेकले. म्हणाले, नद्या त्यांच्या पात्राच्या आकारावरून ओळखतात, कोणी सरळ, कोणी नागमोडी, कोणी वेणीसारखी गुंफलेली. तुमच्याकडे तिन्ही प्रकार एकाच नदीत बघायला मिळतात, वहिनी. उतार कमी होत जातो, गाळ साचतो, म्हणून असे होते म्हणे. ते खरेच असणार. पण आमच्याकडे याची दुसरीही एक हकिगत सांगतात, ती सरांनीही शांतपणे ऐकून घेतली. तुम्हीही बसा थोडे. उन्हातून आला आहात.

फार पूर्वी शिरसोंडीला नदीच नव्हती, असे सांगतात. पाणी होते ते डोंगरात, आईच्या पायाशी, एका कुंडात. एका वर्षी गावाच्या विहिरी तळाला गेल्या. माणसे वाजतगाजत डोंगरावर जाऊन आली, सोन्याचा मुकुट बोलून आली, पण आईने काही कौल दिला नाही. मग पंचांनी ठरवले की गाव सोडायचे. जे चालू शकतील ते निघतील. जे चालू शकत नाहीत त्यांना देवळात ठेवायचे, जवळ धान्य ठेवायचे, उरलेले पाणी ठेवायचे. पुढे त्यांचे काय होणार, ते सगळ्यांना कळत होते. बोलण्यासारखे नव्हतेच ते.

गावात बयजा नावाची एक सून होती. तिचा नवरा गुरे घेऊन आधीच पुढे गेलेला. घरात ती आणि सासू भिवाई. भिवाईचे पाय गेले होते. बयजाने पंचांना विनवले की चार जणांनी बाज उचलली तर सासूलाही नेता येईल. पंच म्हणाले, एकीची बाज उचलली तर सगळ्यांच्या उचलाव्या लागतील, आणि तेवढे बळ आता कोणाच्या खांद्यात राहिलेले नाही. ते खोटे बोलत नव्हते. सगळेच थकले होते.

बयजा डोंगराकडे निघाली तेव्हा भिवाई म्हणाली, "ढोलताशांनी आई हलली नाही, ती तुझं फाटकं लुगडं बघून येणार होय?"

"बघते तरी विचारून," बयजा म्हणाली.

आईपुढे ती नवस बोलू शकली नाही. बोलायला होते काय तिच्याकडे? ती म्हणाली, "आई, मला द्यायला काही नाही. पाय आहेत, ते घे." तिथे आईने कौल दिला, असे म्हणतात. मी पाणी होऊन तुझ्यामागे येते. तू चालशील तशी चालेन. वाटेल तेव्हा मागे वळून बघ, माझी काही बंदी नाही. मात्र तू बसलीस की मी तिथेच राहीन.

बयजा उठली आणि निघाली. सकाळची वेळ, अंगात आशा, डोळ्यांपुढे सासूची बाज. खडक आला तरी ती बाजूला झाली नाही, आणि मागून पाण्याने तो खडक चिरला. वर ती दरी दिसते ना, ती तिची पहिली चाल.

माळावर ऊन चढले आणि पाय बोलायला लागले. सावली दिसेल तिकडे ती वळायची. कुठे कुणाचे खळे होते, ते मोडू नये म्हणून वळसा घातला. एका वस्तीवरची बाई पदर पसरून म्हणाली की आमच्या बांधावरून जा गं, आमचीही पोरे तहानलेली आहेत. बयजाने तिलाही नाही म्हटले नाही. जाता जाता ती ज्या अंगाला झुकायची त्या अंगाला पाणी काठ कापायचे आणि आतल्या अंगाला वाळू टाकायचे. एकदा तर तिला इतकी झापड आली की मोठा फेरा मारून ती जवळजवळ त्याच जागी परत आली. तो फेरा नदीने पुढे सोडून दिला. त्याचे तळे झाले आहे, त्यात कमळे येतात.

गावाची वेस दिसायला लागली तेव्हा दिवस कलला होता. एवढेच अंतर राहिले होते, आणि तेवढ्यात बयजाची चाल संपली. ती बसली. अंबाडा सुटून केस पाठीवर आले. मागून येणारे पाणी तिच्यापाशी थांबले, वाळूत पसरले, तिच्या दोन्ही बाजूंनी धारांनी वाहू लागले आणि थोडे पुढे जाऊन वाळूतच मुरले. वेशीपर्यंत काही पोचले नाही.

बयजाला रडूही येईना. गाव वाचले नाही आणि सासूही देवळातच राहिली, एवढेच तिच्या मनात होते.

वेशीवरून लोकांनी पाणी पाहिले. आनंदले, आणि हाका मारायला लागले. ऊठ बयजा, एवढं आलीस, चार पावलं राहिली, वेशीपर्यंत तरी ये. पाटलांनी हाक मारली. बायकांनी मारली. तिच्याने मान वर होईना. मग कोणी रागावलेही, म्हणे, हिला आत्ताच बसायचं सुचलं.

भिवाईला एव्हाना देवळात आणून ठेवले होते. तिने सगळे ऐकले आणि तिथूनच गरजली, "हाका कसल्या मारताय? ती चालून चालून बसली. आता तुम्ही चाला. आणि आधी मला उचला."

मग ज्या पंचांनी बाज उचलता येत नाही म्हटले होते, त्यांनीच तिची बाज खांद्यावर घेतली. मागोमाग देवळातल्या सगळ्याच बाजा निघाल्या. खांद्यांत बळ कुठून आले, ते आजवर कोणी सांगितलेले नाही. मी म्हणते, आईने तेही त्या पाण्याबरोबर पाठवले असणार.

वाळूत बाज टेकवली. भिवाईने सुनेचे डोके मांडीवर ओढले, केसांतली धूळ बोटांनी झाडली आणि वेणी घालायला घेतली. घालता घालता म्हणाली, "केसांचं पार भेंडोळं करून आलीस." एवढेच. बयजा तेव्हा रडली म्हणतात.

गाव वेशीबाहेर सरकले ते तेव्हा. म्हणून आमची घरे नदीला इतकी लागून आहेत, आणि जुनी वेस मागे शेतात एकटी उभी आहे.

आजही वैशाखातल्या पहिल्या मंगळवारी बसणूक असते. त्या वर्षी सगळ्यात थकलेली कोण, ते बायकाच ठरवतात. थट्टा खूप चालते, एकमेकींना म्हणतात, तू कसली थकलीस, तुझ्याकडे मिक्सर आहे. पण शेवटी नाव सगळ्यांना ठाऊक असते. गेल्या खेपेला आमच्या जाऊबाई बसल्या होत्या, भावजींचे दुखणे वर्षभर काढून. केस सोडून वाळूत एकटे बसायचे. गावातून तिला कोणी हाक मारायची नाही, हा नेम. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला बाजेवर घालून जुन्या वेशीपासून तिच्यापर्यंत न्यायचे, आणि तिने वेणी घालायची.

मीही एका वर्षी बसले आहे. फार बोलत नाही त्यावर. पाणी दोन्ही अंगांनी जात असते, आवाज असा नसतोच. वेशीकडे बघत राहायचे. वेळ लागतो, बाज जड असते, माणसे वाळूत रुततात. पण निघालेली दिसतात.