बाभळीवरचं गाणं

फार पूर्वी एका गावात एक पाखरजाणता राहत असे. त्या शिवारात दोन जातींची चिमुकली पाखरं यायची. एक ज्वारीचे दाणे पळवायचं, त्याला लोक चोर म्हणत. दुसरं कणसावरच्या अळ्या वेचायचं, तो वेच्या. रंग तोच, शेपूट तशीच. चोच तेवढी चोराची जाड, वेच्याची बारीक. पण भरल्या पिकात चोच दिसते कुणाला? ओळखायचं ते गाण्यावरून: चोर मुका, वेच्या गाणारा, पण त्याचं गाणं इतकं नाजूक की तयार कानालाच कळावं. जाणत्यानं कान देऊन सांगावं, मगच राखणदारांनी गोफण उचलावी, अशी गावाची रीत.

जाणत्याची एक शिष्या होती. एका सकाळी ती म्हणाली, "आजोबा, वेचे आले! बांधावर ऐका की."

जाणत्यानं कान टवकारले. काहीच नाही.

"कानात कापूस घातलाय का, आजोबा? केवढं कोकलतंय ते!" पोरगी हसली. राखणदारही हसले. "पोरीचे कान म्हणजे सुईचं टोक," एकजण म्हणाला.

ते टोक जाणत्याच्या काळजात रुतलं. हिला ऐकायला शिकवलं मी, आणि गाव हिच्या तोंडाकडे बघणार? तिला मिळालेली प्रत्येक शाबासकी त्याला आपल्या ताटातून उचललेल्या घासासारखी वाटू लागली.

कणसं भरली. थवेच्या थवे उतरले. पाटलानं विचारलं, "बोला बाबा, गोफण चालवायची का?"

"नको!" शिष्या मध्येच म्हणाली. "वेचे आहेत. गातायत."

जाणत्यानं समोरच्या बाभळीकडे पाहिलं. फांदीवर एक पाखरू बसलं होतं. चोच बारीक होती आणि उघडी होती. गळा थरथरत होता. आवाज मात्र त्याच्यापर्यंत पोचत नव्हता.

त्याला सगळं कळलं. 'पोरगी खरं बोलतेय,' एवढंच म्हणायचं होतं. पण जीभ उचलेना.

"कसलं गाणं?" तो गरजला. "मला ऐकू येत नाही, म्हणजे नाहीच. चोर आहेत. हाणा!"

"आजोबा, त्याचा गळा तरी बघा!"

"थोरांपुढे तोंड चालवू नये, पोरी," पाटील म्हणाला. पांढऱ्या केसांपुढे काळ्या केसांचं कोण ऐकतो? गोफणी फिरल्या. शिवार रिकामं झालं.

मग अळी पडली. पीक उभ्या उभ्या पोखरलं गेलं, घरोघरच्या कणग्या रित्या राहिल्या. खोटी ठरवलेली शिष्या तर केव्हाच दुसऱ्या गावाला निघून गेली होती.

पुढच्या सुगीला जाणता रोज बाभळीखाली बसू लागला. फांदीवर एखादा गळा थरथरतोय का, ते बघायचा. वेचे परत आलेच नाहीत, एकही गळा थरथरला नाही. आता ते गाणं गावात कुणालाच ऐकू येत नव्हतं.

तात्पर्य: मत्सरी जाणत्याचा बहिरेपणा त्याच्या एकट्यापुरता राहत नाही, पांढऱ्या केसांपुढे मान तुकवणाऱ्या साऱ्या गावाला तो भोगावा लागतो.