उसना श्वास

एकदा एका तरुण पियानोवादिकेला धाप लागण्याचा विकार जडला. नवल असे, की तो विकार तिचा नव्हताच.

मुलगी चांगली धडधाकट होती. टेकडी चढून आली तरी दमत नसे. पण पियानोवर एक विशिष्ट रचना वाजवू लागली, की तिच्या संथ भागात एका ठराविक जागी छाती आवळल्यासारखी होई, बोटे अधांतरी राहत आणि क्षणभर थांबल्यावाचून पुढचा स्वर उमटत नसे. वैद्य झाले, डॉक्टर झाले. सगळ्यांनी छाती तपासली, टॉनिक लिहून दिले आणि मनावर घेऊ नका म्हणून सांगितले. मनावर न घेण्याचे औषध मात्र कुणी लिहून दिले नाही.

ती रचना म्हणजे एक कॉन्चेर्टो होता. एका बाजूला एकटा पियानो, दुसऱ्या बाजूला सगळा वाद्यवृंद, आणि दोघांत चाललेले संभाषण. पूर्वी त्याच शहरातल्या एका तरुण वादकाने तो वाजवून मोठी कीर्ती मिळवली होती आणि त्यानंतर थोड्याच काळात तो क्षयाने गेला होता. मागे उरले ते त्याच्या मैफलीचे ध्वनिमुद्रण. मुलीने ते लावून, त्याच्या बोटांबरोबर आपली बोटे चालवून, वर्षानुवर्षे सराव केला होता. ऐकणारे म्हणत, "डोळे मिटले तर तोच वाजवतोय असं वाटतं." आपल्याकडे याहून मोठी शाबासकी नाही. मुलीचे वडील तर ती ऐकून हरखून जात. तिला स्वतःला मात्र अलीकडे डोळे मिटायची भीती वाटू लागली होती.

शहरातल्या वाद्यवृंदाचे वृद्ध संचालक हेच तिचे गुरू, आणि त्यांच्याच वाद्यवृंदाबरोबर ती आता तो कॉन्चेर्टो मैफलीत वाजवणार होती. मैफल तोंडावर आली तशी सर्वांची एकत्र तालीम सुरू झाली. संथ भाग आला, ती जागा आली, मुलगी थांबली. त्याच क्षणी मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या चेलोवादकाच्या हातून गज गळून पडला. तो त्या गेलेल्या वादकाच्या मैफलीत साथीला होता. तो मुलीकडे पाहत नव्हता. तिच्या खांद्याच्या थोडे वर, मागे कुणी उभे असते तर त्याचा चेहरा जिथे आला असता, तिथे त्याची नजर लागली होती.

"तो आलाय," म्हातारा हळूच म्हणाला. कुणीही हसले नाही.

मुलीला रडू कोसळले. "गुरुजी, मला नाही जमायचं हे. तिथं आले की हात माझे राहत नाहीत. मैफल रद्द करा. मी पियानोच सोडते."

गुरुजींनी समजूत घातली नाही. ते पियानोपाशी आले, पट्ट्यांवरचे झाकण त्यांनी लावून टाकले आणि म्हणाले, "हात मांडीवर ठेव आणि नुसती बैस." मग त्यांनी वाद्यवृंदाला खूण केली आणि पियानोवाचूनच कॉन्चेर्टो सुरू झाला.

सारा प्रकारच विलक्षण होता. वादक आपापला भाग वाजवत. पियानोची पाळी आली की थांबत, आणि तेवढा वेळ संचालकांची छडी शांततेतच ताल देत राही. पण मुलीला शांतता ऐकू येत नव्हती. बंद झाकणाखाली पियानो वाजत होता, स्पष्ट, थेट त्या ध्वनिमुद्रणातल्यासारखा. तिची मांडीवरची बोटे आपोआप हलू लागली. ती जागा आली, आणि झाकणाखाली कुणीतरी दाबून खोकले.

"काय ऐकलंस?" गुरुजींनी विचारले.

"त्याचा खोकला." तिचे ओठ पांढरे पडले होते.

"बरं. पुन्हा वाजवूया. या वेळी त्या क्लॅरिनेटवादकाकडे बघत राहा."

वादकांनी एकमेकांकडे पाहिले. तालमीसाठी आलेला चहा केव्हाच निवून गेला होता, पण उठायचे कुणाला सुचले नाही. पुन्हा संथ भाग आला. पियानो येण्यापूर्वी क्लॅरिनेटवादक एक लांब स्वर धरत असे आणि पियानो आला की सोडत असे. आजवर मुलीची नजर कधी पट्ट्यांवरून वर गेली नव्हती. आज तिने पाहिले. त्या माणसाने स्वर धरला आणि धरूनच ठेवला. त्याचे गाल फुगले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, डोळ्यांत पाणी आले, आणि ते डोळे वाद्यावरून तिच्याकडेच लागले होते. झाकणाखाली काही वाजते आहे की नाही, इकडे तिचे लक्षच राहिले नाही.

"अहो काका, सोडा ना तो स्वर!" ती ओरडली.

क्लॅरिनेटवादकाने धापा टाकत वाद्य खाली घेतले. "तू आल्याशिवाय कसा सोडू, बाळ?"

तेव्हा गुरुजी बोलले. "मुली, तो गेलेला पोरगाही माझाच शिष्य होता. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी त्याला तिथं खोकला आला, म्हणून तो थांबला. ते त्याचं दुखणं होतं, संगीत नव्हतं. तू भक्तीनं सगळंच उचललंस, दुखण्यासकट. मेलेल्याचा खोकला ओसरायची तू वाट बघतेस, आणि तेवढा वेळ इथं जिवंत माणसाचा दम कोंडतो. त्याला हाकलायला जाऊ नकोस, तो हाकलून जायचा नाही. तू फक्त समोरच्याचं ऐक."

मैफलीच्या दिवशी सभागृह भरून गेले होते. संथ भागात मुलीच्या मानेवर गार वारा आल्यासारखे झाले आणि मागे कुणीतरी वाकून उभे आहे हे तिला नक्की कळले. ती घाबरली. पण तिने मान वळवली नाही, डोळेही मिटले नाहीत. ती क्लॅरिनेटवादकाच्या छातीकडे पाहत राहिली आणि त्याचा दम संपण्याआधी तिने पुढचा स्वर अलगद ठेवला. तिला धाप लागली नाही.

टाळ्या झाल्या. पण बाहेर पडताना लोक म्हणत होते, "वाजवलं छान, पण त्याची सर नाही." वडील खाली मान घालून गर्दीतून वाट काढत होते. मुलगी गुरुजींकडे गेली. "गुरुजी, सगळे म्हणतात, त्याच्यासारखं नाही वाजलं."

"नाहीच वाजलं," गुरुजी म्हणाले, आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

ती आपला रुमाल घ्यायला रंगमंचावर परतली तेव्हा तिथे फक्त तो म्हातारा चेलोवादक होता. पियानोच्या रिकाम्या बैठकीमागे उभा राहून तो हवेत हात फिरवत होता, बसलेल्या माणसाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"दमलास रे," तो म्हणत होता. "किती वर्षं त्या एका जागेवर अडकून पडलास. जा आता, बाळा."

मुलीला भय वाटले नाही. त्याचे बोलणे संपेपर्यंत ती विंगेतच थांबली आणि त्या कधी न भेटलेल्या वादकाला तिने मनोमन नमस्कार केला. ज्यांना आपण हुबेहूब जपून ठेवतो, त्यांनाही कधी तरी जायचे असते, हे आपल्या ध्यानात येत नाही.