दोन भजीवाल्या आणि एक जामीन

एका बाजाराच्या गावी दोन भजीवाल्या समोरासमोर बसत. एक कांदाभजी तळायची, दुसरी मिरचीभजी. दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य. एकीकडे गिऱ्हाईक वळलं की दुसरी उगाच झारा आपटायची.

कांदाभजीवालीला मोठी कढई आणि डोक्यावर पत्र्याचं छप्पर हवं होतं. पण तारण ठेवायला ना शेत, ना सोनं. कर्ज देणाऱ्या संस्थेचे साहेब म्हणाले, "पाचजणींचा गट करा. एकमेकींना जामीन राहा. एकीचा हप्ता चुकला, तर बाकीच्या चौघींनी भरायचा. तोही चुकला, तर पुढचं कर्ज कुणालाच नाही."

चौघी जमल्या, पाचवी काही मिळेना. उरली होती फक्त मिरचीभजीवाली.

"हिला जामीन? त्यापेक्षा उन्हात करपेन!" असं म्हणत म्हणत बिचारीने अंगठा उठवला. गरजेपुढे काय चालतं?

कर्ज मिळालं, धंदे वाढले. पण एका बाजारी मिरचीभजीवालीच्या मिरच्या जहाल निघाल्या. खाणारे हाय हाय करत पळाले आणि कांदाभजीवालीपुढे रांग लागली. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून ती मनात खूश झाली. तेवढ्यात तिला आठवलं, आज संध्याकाळी हप्ता! समोर मिरचीभजीवाली पदराने डोळे पुसत होती, आणि ते काही धुराने नव्हतं.

गप्प बसावं, तर हिचा हप्ता अंगावर. युक्ती सांगावी, तर गिऱ्हाईक जाणार. शेवटी ती चरफडत उठली आणि न्याहारीचं ताकाचं गाडगं घेऊन समोर गेली.

"अगं, चिरून बिया काढ आणि घटकाभर ताकात बुडव. एवढंही येत नाही?"

"तू मला सांगतेस?"

"मग? तुझा हप्ता काय माझा बाप भरणार?"

संध्याकाळी पाचही हप्ते भरले गेले. पण त्या दिवसापासून समोरच्या परातीत भजी उरली की हिचाच जीव खालीवर होऊ लागला.

वर्षभरात कर्ज फिटलं. पुढे एकदा मिरचीभजीवाली तापाने फणफणली आणि बाजाराला आलीच नाही. कांदाभजीवालीने भर बाजारात कढई उतरवली आणि पेज घेऊन तिचं घर गाठलं.

"कर्ज फिटलं की गं," अंथरुणातून ती म्हणाली. "आता कशाला धंदा बुडवून आलीस?"

कांदाभजीवालीने पेज वाडग्यात ओतली.

"खरंच की! माझ्या ध्यानातच आलं नाही," ती म्हणाली, आणि पेजेचा वाडगा तिच्या ओठांशी धरला.

तात्पर्य: कुणाला जामीन राहिलं की त्याचं बरं चिंतावं लागतं; आणि चिंतता चिंतता ते मनापासून वाटू लागतं.