रखमाजीची पांढरी मिशी

मुलांनो, दगडावर घाव घालणाऱ्या छिन्नीला कधी कुणाची काळजी वाटेल का? फार जुन्या काळी एका छिन्नीला वाटली होती. तिचा धनी रखमाजी पाथरवट दळणाची जाती घडवायचा. संध्याकाळी त्याची मिशी दगडाच्या धुळीने पांढरी झाली, की हातोडा ऐटीत म्हणायचा, "याला म्हणतात पाथरवटाची शोभा!"

पण हल्ली दोन घाव घातले, की धन्याला खोकल्याची उबळ यायची.

शेजारी ठेवलेली पाण्याची घागर म्हणाली, "दगडावर माझं पाणी शिंपडलं, तर धूळ उडणार नाही."

"ओल्या दगडावर नवशिके काम करतात, मावशी!" हातोडा हसला.

"हातोडेदादा," छिन्नी म्हणाली, "धूळ मिशीवर दिसते, पण साठते धन्याच्या छातीत. तो गेला तर तुला उचलणार कोण?"



त्या दिवशी छिन्नी कोरड्या दगडावरून मुद्दाम घसरत राहिली. मग घागर कलंडली, दगड भिजला आणि छिन्नी झरझर चालू लागली. धूळ उडाली नाही, खोकलाही आला नाही. रखमाजी बघतच राहिला.

"ही बघा माझ्या धन्याची काळीभोर मिशी!" संध्याकाळी हातोडा अभिमानाने म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रखमाजीने आधी दगडावर पाणी शिंपडले आणि मगच हातोडा उचलला.