तीन टिचक्यांचा हक्क

एका राज्यात असा रिवाज होता, की मडकं घेणाऱ्याने आधी त्याला तीन टिचक्या माराव्यात आणि कान लावून ऐकावं. खणखणीत वाजलं तर घ्यावं, बद्द वाजलं तर ठेवून निघून जावं. विकणाऱ्याने राग धरू नये. उलट "वाजवून घ्या हो" असं त्यानेच म्हणावं. मडक्याचं जे, तेच धान्याचं आणि कापडाचं. दाणा चावून पाहावा, सूत ओढून पाहावं.

त्या राज्यात मधुजिव्ह नावाचा मांत्रिक आला. भर बाजारात त्याने दुकान थाटलं. आत एकसारख्या लाखबंद पेट्या आणि दारावर बोलकी साळुंकी. ज्याला जे हवं, ते पेटीत आहे असं साळुंकी सांगे. "पैसा अडका काही नाही! एक नकार द्या, पेटी न्या! उघडायची ती घरी!" पेटीला टिचकी मारायची मात्र मनाई. "टिचक्या मडक्यांना मारतात, रत्नांना नव्हे," असं मधुजिव्ह हसून म्हणे, आणि गिऱ्हाईक ओशाळून हात मागे घेई.

नकाराचं ते काय मोल, असं वाटून लोक तो देऊन टाकत. घरी पेटी रिकामी निघे, पण नकार गेलेला असे; पुन्हा "नाही" म्हणताच येत नसे. मग दुसऱ्या पेटीला मधुजिव्ह गाय मागे, तिसरीला शेत, आणि लोकांच्या तोंडून "बरं" एवढंच निघे. फसलो असं सांगायची लाज वाटे, म्हणून शेजारीही त्याच दुकानात जाई. खुद्द राजा पुरंजयाने सात सिंहासनांच्या सात पेट्या घेतल्या होत्या. "फार सुबक आहेत," असं तो दरबारात सांगे आणि जुन्याच सिंहासनावर बसे.

हंसाई कुंभारीण मिठाला म्हणून बाजारात गेली होती. तिचा नवरा भिवा चैत्रात वारला होता, आणि तेव्हापासून चाक थांबलेलं होतं. साळुंकी म्हणाली, "हंसाई, या पेटीत भिवाची हाक आहे."

हंसाईने आपला नकार दिला. घरी येऊन पेटी उघडली. आत काही नव्हतं. तिने पेटी कोपऱ्यात सारली आणि चूल पेटवली.

दुसऱ्या दिवशी मधुजिव्ह दारात उभा. "बाई, ती पेटी चुकून गेली. खरी हाक दुसरीत आहे. उद्या बाजारात तुझ्या नवऱ्याचं चाक आण आणि ती घेऊन जा."

"बरं," हंसाईच्या तोंडून निघालं. म्हणायचं होतं "नाही". भिवाची हाक गेली ती गेली. आता चाकही जाणार होतं.

सकाळी तिने चाक डोक्यावर घेतलं, रिकामी पेटी काखेत मारली, ओल्या मातीचा एक गोळा पदरात बांधला आणि ती दुकानाशी गेली. पेट्यांसाठी रांग लागली होती. आठव्या सिंहासनासाठी राजाही रांगेत होता.

"मला माझा नकार परत हवाय," हंसाई म्हणाली.

"तीन अटी," मधुजिव्ह म्हणाला. "पेटीत हाक आहे असं माझ्या दुकानात सांगितलं, याला साक्षीदार आण. ही पेटी माझीच, याची खूण दाखव. आणि मी पुढे करीन ती पेटी घेऊ नकोस."

हंसाई रांगेकडे वळली. "कोणी ऐकलं होतं का हो?"

जो तो आभाळाकडे बघू लागला. एक सोनार म्हणाला, "माझी पेटी तर छान निघाली." त्याची बायको म्हणाली, "हो, धूळ ठेवायला छान आहे." सोनारही आभाळाकडे बघू लागला.

तेव्हा हंसाईने साळुंकीला विचारलं, "पाखरा, त्या दिवशी काय म्हणालीस?"

साळुंकीला विसरणं ठाऊक नव्हतं. "हंसाई, या पेटीत भिवाची हाक आहे," ती घडाघडा बोलली.

पहिली अट फिटली.

हंसाईने पदरातला गोळा काढला. "हा जरा धरा हो, मला पेटी काढायचीय." मधुजिव्हाने धरला. तिने परत घेतला तेव्हा मातीवर त्याचा अंगठा उमटलेला होता. पेटीच्या लाखेवरही तोच अंगठा होता, मधोमध आडवी चीर असलेला. कुंभारणीच्या नजरेतून अंगठा सुटत नाही. तिने दोन्ही ठसे साऱ्यांना दाखवले.

दुसरी अट फिटली.

मधुजिव्ह आता हसला नाही. त्याने एक नवी पेटी पुढे केली आणि हळूच म्हणाला, "यात भिवा खरंच हाक मारतोय. घेतेस?"

नाही म्हणायला हंसाईजवळ नकारच नव्हता.

"घेते," ती म्हणाली. "पण वाजवून घेते."

"मनाई आहे!"

हंसाई राजाकडे वळली. "महाराज, घेणाऱ्याला वाजवून घ्यायचा हक्क द्याल?"

राजाजवळही नकार उरला नव्हता. "दिला," तो म्हणाला, आणि राजाचा शब्द म्हणजे कायदा झाला.

हंसाईने पेटीला पहिली टिचकी मारली. आतून "हंसे" असं काहीसं ऐकू आलं. दुसरी टिचकी मारली. आवाज दूर गेला. तिने तिसरी मारली आणि कान लावून ऐकलं. रिकामं लाकूड वाजावं तसं लाकूड वाजलं.

"आत कोणी नाही," हंसाई म्हणाली, आणि रिवाजाप्रमाणे पेटी न घेता तिथेच ठेवली. तिसरी अट फिटली.

तोच पेटी तडकली. मागोमाग दुकानातल्या साऱ्या पेट्या तडकल्या आणि त्यांतून लोकांचे नकार राखी रंगाची चिमणी पाखरं होऊन उडाले. ज्याचा नकार त्याच्या ओठांवर बसला आणि आत शिरला. राजाने सगळ्यात आधी "सिंहासन नको!" म्हणून पाहिलं, आणि त्याला इतकं बरं वाटलं की तो तीनदा म्हणाला.

गाई गोठ्यांत आल्या, शेतं धन्यांकडे गेली. मधुजिव्हाची माया मोडली. राजाने त्याला बाजारातच मीठ विकायला बसवलं. येणारा प्रत्येक जण खडा चाखून मगच घेई, आणि त्याला "चाखून घ्या हो" म्हणावं लागे. साळुंकी रानात निघून गेली.

हंसाईने चाक घरी नेलं आणि फिरवलं. आठवड्याने मडकी भाजायला आवा लागला. पहिल्या बाजाराला एक म्हातारी आली, तिने मडक्याला तीन टिचक्या मारल्या आणि तोंड वाकडं केलं.

"हे नको गं. बद्द वाजतंय. दुसरं दाखव."

हंसाईने स्वतः वाजवून पाहिलं. म्हातारी बरोबर होती. हंसाई मोकळेपणाने हसली आणि तिने दुसरं मडकं पुढे केलं.